खोक्यातली सुटी माणसं

टोकावड्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यापासून आत असलेल्या एका गावातल्या शाळेवर माझी नेमणूक झाली, तेव्हा नव्वदचं दशक निम्म्यावर आलं होतं. माझ्या सामानात एक पत्र्याची ट्रंक, वातीचा स्टोव्ह, अंथरुणाची वळकटी आणि सुतळीने बांधलेली दहा-बारा पुठ्ठ्याची खोकी होती. एसटीच्या टपावर खोकी चढवताना कंडक्टरने विचारलं, "बाई, साड्यांचा धंदा करता काय?" मी हो म्हटलं. खरं सांगितलं की लोक आणखी चार प्रश्न विचारतात, हे मला तोवर कळलं होतं.

त्या खोक्यांत विमानं होती, जहाजं होती, एक-दोन रणगाडे होते, पण सगळं न जोडलेलं. प्लास्टिकच्या चौकटीला बारीक काड्यांनी चिकटलेले सुटे भाग असतात. ते ब्लेडने कापायचे, गोंदाने जोडायचे, रंगवायचे, की खऱ्या विमानाची हुबेहूब छोटी प्रतिकृती तयार होते. जगभर लोक ती जोडतात. मी जोडत नाही. मी ती जुनी, कोणी हात न लावलेली किट जमवते आणि आहेत तशी ठेवते.

हे वेड वडिलांमुळे लागलं. आमचं घर शहापूरचं. वडील आसनगावहून गाडी पकडून मुंबईला एका कचेरीत शिपायाच्या नोकरीवर जायचे. कचेरीजवळचं एक जुनं खेळण्यांचं दुकान बंद झालं, तेव्हा मालकाने उरलेला माल फुटपाथवर मांडला होता. त्यातून त्यांनी मला एक खोका आणला. वर ढगांतून झेपावणाऱ्या विमानाचं चित्र, कडेला न वाचता येणारी परदेशी अक्षरं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. उघडलं तेव्हा एक वास आला, नवीन बादलीसारखा आणि रद्दीसारखा, दोन्ही एकदम. मी त्याच दिवशी बसून ते जोडलं. एक पंख वाकडा बसला, वैमानिकापुढच्या काचेवर माझ्या बोटाचा ठसा उमटला आणि तो कशानेच निघेना. वडिलांनी ते विमान तसंच खिडकीत ठेवलं. पण कापलेला भाग परत काडीला लावता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं आणि मी फार घाबरले. एवढ्याशा गोष्टीला कोणी घाबरतं का? मी घाबरले. पुढच्या वेळी त्यांनी दुसरा खोका आणला तेव्हा मी तो नुसता उघडला, एकेक चौकट हातात घेऊन पाहिली आणि बंद केला.

पुढे डी.एड. झाल्यावर मी स्वतः शोधायला लागले. कल्याणला एक रद्दीवाला होता, मुंबईच्या जुन्या बाजारात एक म्हातारे व्यापारी होते. जहाजावरच्या खलाशांनी विकलेला, कोणाच्या बंगल्यातून आलेला माल ते माझ्यासाठी बाजूला ठेवायचे. आईला हे पसंत नव्हतं. "खेळायचं वय गेलं आणि खेळतही नाहीस," ती म्हणायची. नेमणूक झाल्यावर तिने खोकी बरोबरच दिली, की तुझी तू बघ.

गावात मला एका शेतकऱ्याच्या घराला लागून असलेली खोली मिळाली. घरात काका, मावशी, त्यांचा मुलगा आणि नुकतीच लग्न होऊन आलेली सून. मुलगा मुरबाडच्या एमआयडीसीत पाळीवर जायचा. माझ्या खोलीला पुढे वेगळं दार आणि मागे त्यांच्या स्वयंपाकघरात उघडणारं एक दार होतं. वर लाकडी माळा. मी माळा झाडून घेतला, प्लास्टिकचा कागद अंथरला आणि खोकी वर रचली. पुढच्या दाराला माझं कुलूप.

आमच्या शहापूरच्या घरात भिंतीवर बुद्धाचा फोटो होता. नवस, उतारा, अंगारा यातलं आमच्याकडे काही चालत नसे. वडील तर स्मशानाच्या वाटेने मुद्दाम आम्हाला घेऊन जायचे, भीती मोडावी म्हणून. त्यामुळे त्या गावात घरोघर दारावर टांगलेली काळी बाहुली, लिंबू-मिरची पाहून मला काही वाटलं नाही. मावशींनी पहिल्याच दिवशी माझं आडनाव विचारलं, मग "बरं बरं" म्हणाल्या आणि पाण्याचा हंडा मात्र माझा वेगळा ठेवला. त्याचीही सवय झाली. त्या वाईट नव्हत्या. पावसात स्टोव्ह पेटला नाही की भाकरी आणून द्यायच्या.

सून माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून दुपारची भांडी झाली की मागच्या दाराने माझ्याकडे येऊन बसायची. एका रविवारी मी एक नवीन आणलेलं किट जमिनीवर पसरून पाहत होते. त्यात विमान नव्हतं, सैनिक होते. खऱ्या माणसाच्या एकास पस्तीस मापाचे, राखेच्या रंगाचे. चौकटीवर एका ओळीत धडं, एका ओळीत पाय, मग हात आणि शेवटी मुंडकी. मुंडक्यांना डोळे होते, दातसुद्धा होते, कारण त्यातला एक जण ओरडताना दाखवला होता.

ती दारातच थांबली. "बाई, ह्यांची मुंडकी कोणी तोडली?"

"तोडली नाहीत गं. जोडायची आहेत अजून."

"मग जोडा ना."

"जोडायची नसतात मला."

ती जवळ आली, वाकून बघत राहिली. एका मुंडक्यावर तिने बोट टेकवलं आणि लगेच पदराला पुसलं. मग हसली. "रात्री ओरडत नाय ना हा?" मीही हसले. प्लास्टिक जुनं होतं, ठिसूळ झालेलं. आवरताना त्या ओरडणाऱ्या सैनिकाचं मुंडकं काडीपासून निखळलं आणि कुठेतरी गडगडलं. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं. मी बॅटरी लावून पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

भाताला लोंब्या आल्या त्या सुमारास ती आजारी पडली. आधी हुडहुडी भरून ताप यायचा, घाम येऊन उतरायचा, एक दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच. मी मावशींना म्हटलं, "हा मलेरिया असेल. रक्त तपासून घ्या." त्या म्हणाल्या, "बघू. बाहेरचं काय नाय ना ते आदी बघूया." बाहेरचं म्हणजे काय ते मला माहीत होतं, पण ते माझ्यापर्यंत येईल असं डोक्यात आलं नाही.

पलीकडच्या पाड्यावरून भगत आला. मी शाळेत होते. संध्याकाळी घरी आले तर मागचं दार त्यांच्या बाजूने बंद होतं. मी हाक मारली. आत मावशींचा आवाज होता, तो एकदम थांबला. कोणी दार उघडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून गाव बदललं. हातपंपावर मी गेले की बायका आपापले हंडे उचलून बाजूला होत. कोणी काही बोलत नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. वर्गात निम्मी मुलं आली नाहीत. पहिल्या बाकावरची एक मुलगी पाटी दाखवायला आली आणि हळूच म्हणाली, "बाई, तुमच्याकडं माणसांची मुंडकी हायत? आये बोलली तुमच्या हातचं काय खायचं नाय."

मी तिला जागेवर जायला सांगितलं आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

हेडसर मुरबाडहून एसटीने येऊन-जाऊन करायचे. त्यांना सगळं आधीच कळलं होतं. मधल्या सुट्टीत त्यांनी मला बाजूला घेतलं. मावशींना माझ्या मागच्या दाराच्या उंबरठ्याशी केर काढताना एक बारीकसं मुंडकं सापडलं होतं. ते पाहून भगताने सांगितलं होतं, की कोणीतरी बाहेरच्या बाईने सुनेला तुकड्यातुकड्यांनी बांधलंय. एकेक तुकडा निघेल तसतशी ती खचत जाईल.

"अहो सर, ते खेळण्यातलं आहे," मी म्हटलं.

"मला पटतंय. पण मला पटून काय उपयोग? तुम्ही आजच घरी शहापूरला निघून जा. रजेचं मी बघतो." मग ते म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी इकडेच एका म्हातारीला घराबाहेर ओढून काढलं होतं. तुम्हाला घाबरवत नाही. पण जा."

मी येतो बरोबर, असं ते म्हणाले नाहीत. मीही त्यांना चला म्हटलं नाही. शाळेतून तशीच एसटीच्या रस्त्याला लागले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण पर्स खोलीत होती, आणि खोकी होती. एवढ्या भीतीतही मला खोकी आठवली याचं आज मलाच आश्चर्य वाटतं.

घराजवळ आले तेव्हा अंगणात माणसं बसलेली दिसली. पंधरा-वीस तरी असतील. बायका ओट्याच्या कडेला. माझ्या दाराचं कुलूप कोयंड्यासकट उचकटून खाली पडलं होतं. खोकी माळ्यावरून उतरवून अंगणाच्या मध्ये रचलेली, भोवती कोणीतरी राखेचं रिंगण ओढलं होतं. सैनिकांचा खोका सगळ्यात वर, उघडा.

पळावंसं वाटलं. पण मला लघवीला लागली आहे हे एवढंच अगदी स्पष्ट जाणवत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि कोणीच उठत नव्हतं.

भगत रिंगणाच्या बाहेर उकिडवा बसला होता. त्याच्यापुढे पळसाच्या पानावर ते मुंडकं ठेवलेलं, हळदकुंकू वाहिलेलं. पोलीस पाटील म्हणजे गावातले एक वयस्क गृहस्थ, काकांचे चुलतभाऊ. त्यांनीच बोलायला सुरुवात केली. "बाई, बसा. तुमीच सांगा, हे काय हाय?"

मी बसले नाही. बसले तर पुन्हा उठता येणार नाही असं वाटलं. "खेळणं आहे. परदेशी खेळणं. विमान, जहाज बनवायचं."

"खेळणं हाय, तर माळ्यावर लपवलंत कशाला?"

"लपवलं नाही. ठेवलं होतं."

"पोरं नायत, बाळं नायत. खेळतं कोण?"

"मी जमवते."

"मग बनवलं का नाय एकपण?" हे काका म्हणाले. पहिल्यांदाच बोलले. "इतकी खोकी, नि सगळी तोडलेलीच. बनवायचं खेळणं बनवलं का नाय, तेवढं सांग."

आईनेही मला हेच ऐकवलं होतं. त्या अंगणात उभं राहून, जोडायची मला भीती वाटते, हे मी कोणाला सांगणार होते? बायकांमध्ये कुजबूज झाली. भगत म्हणाला, "जाळा. तिच्या हातानं जाळा. मंग बघा पोर उठते का नाय." मागून एक तरुण म्हणाला, "खोकीच कशाला?" त्यावर कोणी हसलं नाही आणि त्याला कोणी गप्पही केलं नाही.

तेव्हा मी म्हटलं, "मी जोडून दाखवते. आत्ता. तुमच्यासमोर."

माझा आवाज मला दुसऱ्या कोणाचा वाटला. गोंद माझ्याकडे नव्हता, कधीच नसायचा. मी विचारलं, "बोरिंगच्या पाइपाला लावतात ते सोल्युशन आहे का कोणाकडे? आणि ब्लेड?" पाटलांनी एकाला खूण केली. तो शेतावरच्या पंपाजवळून एक लहान डबा घेऊन आला. काकांनी दाढीचं अर्धं ब्लेड आणून जमिनीवर ठेवलं, हातात दिलं नाही.

मी राखेचं रिंगण ओलांडून आत जाऊन बसले. ब्लेडने पहिला पाय कापला तेव्हा बोट कापलं. रक्ताचा थेंब राखेत पडला आणि एक बाई "अगो माय!" म्हणाली. धड पायांवर बसेना, दोनदा निसटलं. सोल्युशनचा उग्र वास, त्याच्या तारा बोटांना चिकटत होत्या. पाय, धड, एक हात, दुसरा हात. बंदुकीचा दांडा मोडला. मग मी भगताकडे बघून म्हटलं, "ते मुंडकं द्या. ते याचंच आहे."

त्याने पानावर हात ठेवला. "नाय."

"द्या तिला," पाटील म्हणाले.

"मी हात नाय लावनार."

शेवटी पाटलांनी स्वतः पान उचलून माझ्यापुढे ठेवलं. मी ते मुंडकं मानेवर बसवून धरलं. सैनिक तयार झाला. वाकडा, रक्ताचे आणि सोल्युशनचे डाग पडलेला, तोंडाला हळदकुंकू. मी त्याला ओट्याच्या कडेवर उभा केला. तो उभा राहिला.

एक म्हातारी पुढे येऊन बघायला लागली. "अगो, भावलीच की ही!" दोघी-तिघी हसल्या. पाटील म्हणाले, "हं. खेळनाच दिसतोय."

तेवढ्यात भगत उठून उभा राहिला. "आतापत्तूर तुकडे होते. आता पुरा झाला. तुमच्या समोर पुरा केला तिनं, रगत पाजून. आता चालंल तो."

हसणं थांबलं. ती म्हातारी दोन पावलं मागे सरली. मी जे वाचायला म्हणून केलं होतं, तेच माझ्यावर उलटलं होतं. इतका वेळ मला वाटत होतं, की खरं दाखवलं तर लोकांना पटेल. आता दाखवायला काही उरलं नव्हतं. आणि नेमकं तेव्हाच आतून सुनेच्या किंकाळीचा आवाज आला. ती काहीतरी असंबद्ध बरळत होती, खाट दाणदाण आपटत होती. मावशी आत धावल्या. तरुणांपैकी दोघं उठून माझ्या दोन बाजूंना येऊन उभे राहिले. त्यांनी हात लावला नाही. पण त्यांच्या घामाचा वास मला येत होता.

रस्त्याकडून जीपचा आवाज आला तो याच वेळी. कोणीतरी कंपनीत निरोप पोचवला होता. काकांचा मुलगा पाळी सोडून, मुरबाडहून प्रवासी जीप करून आला होता. अंगणातल्या कोणाशीच न बोलता तो आत गेला. लगेच बाहेर आला. "गाडीत घाला तिला. मुरबाडला नेतो."

"अरे, उतारा झाल्याबिगर..." काका म्हणाले.

"आबा, बाजूला हो."

त्याने तिला उचलून आणलं. तिचे डोळे उघडे होते, पण ती कोणाला ओळखत नव्हती. मावशी मागून आल्या, माझ्यापुढे थांबल्या. रडत नव्हत्या. "ही पन चलंल," त्या म्हणाल्या. "हिच्याच मांडीवर घेऊं दे. काय झाला तर हिच्या मांडीवर होऊं दे."

मला जीपमध्ये बसवलं आणि सुनेचं डोकं माझ्या मांडीवर ठेवलं. समोर मावशी, बाजूला ते दोघं तरुण. मुलगा ड्रायव्हरशेजारी. रस्ता खड्ड्यांचा. तिचं डोकं तापलेल्या तव्यासारखं होतं, साडीतून मांडीला चटका बसत होता. दर खड्ड्याला ते डोकं सैल हलायचं, मी दोन्ही हातांनी धरून ठेवत होते. ती श्वास घ्यायची, मग थांबायची. थांबली की मावशी माझ्याकडे बघायच्या. मला तिच्यासाठी भीती वाटत होती की माझ्यासाठी, ते मला वेगळं करता येत नव्हतं. श्वास घे, एवढंच मी मनात म्हणत होते. बाहेर ढाब्यांवर दिवे लागत होते, माणसं चहा पीत बसली होती. त्यांना ओरडून सांगावं, मला उतरवून घ्या म्हणावं, असं वाटलं. पण ओरडले तर तिच्या श्वासाचा आवाज ऐकू येणार नाही, असंही वाटलं.

मुरबाडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "ताप कधीपासून?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीच सांगितलं, हुडहुडी कशी यायची, एक दिवस आड कसा यायचा. रक्त घेतलं, सलाईन लागलं, इंजेक्शनं दिली. मलेरिया डोक्यापर्यंत गेला होता. डॉक्टर मुलावर भडकले, इतके दिवस काय करत होता म्हणून. वाचेल का विचारलं, तर म्हणाले, सकाळपर्यंत बघू.

मी बाकावर बसून राहिले. जा असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि ते दोघं तरुण दाराशीच होते. मुलाने मात्र बाहेर जाऊन मी खोली घेताना देऊन ठेवलेल्या आमच्या शेजाऱ्यांच्या नंबरावर शहापूरला फोन केला. ते त्याने का केलं, मी त्याला कधी विचारलं नाही. सकाळी वडील आले. त्यांनी पहिलं विचारलं, "मारलं का तुला?"

"नाही."

"हात लावला कोणी?"

"नाही."

ते शेजारी बसले. स्मशानाच्या वाटेने आम्हाला बिनधास्त नेणारे माझे वडील. गुडघ्यावर ठेवलेला त्यांचा हात हलत होता, तो त्यांनी दुसऱ्या हाताखाली झाकला.

दुपारी सुनेने पाणी मागितलं. मावशींना ओळखलं. मावशी बाहेर आल्या, आमच्यापुढून दोनदा गेल्या आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या, "शुद्धीवर आली." वडिलांनी हात जोडले. त्या दोघा तरुणांमधला एक येऊन म्हणाला, "बाई, च्या घेता?" मी घेतला.

आम्ही खोलीवर सामान आणायला गेलो ते आणखी दोन-तीन दिवसांनी, पाटलांना आधी निरोप देऊन. खोकी नव्हती. जीप गेल्यावर लोकांनी ती गावाबाहेर नेऊन जाळली होती. काळा धूर बराच वेळ निघत होता म्हणे. जोडलेल्या सैनिकाला मात्र हात लावायला कोणी धजावलं नव्हतं. तो ओट्यावर जिथे ठेवला तिथेच होता, त्याच्यावर टोपली पालथी घातलेली, टोपलीवर दगड. मावशी दारातून म्हणाल्या, "तो तुजा तेवढा घेऊन जा गो." वडिलांनी दगड उचलला, टोपली उचलली आणि सैनिक शर्टाच्या खिशात टाकला. मी म्हटलं, मला तो घरात नको. म्हणून त्यांनी तो कचेरीत नेला. चहाच्या किटलीशेजारी ठेवतो, साहेब लोक बघतात, असं सांगायचे.

मावशींनी मला नव्या भाताचे पोहे बांधून दिले. माफी वगैरे कोणी मागितली नाही. मीही ते पोहे खाल्ले नाहीत, एसटीत शेजारी बसलेल्या बाईला दिले. मला ते खायची भीती वाटली. करणीवर माझा कधीच विश्वास नव्हता, तरी वाटली.

पुढे खर्डीकडच्या एका शाळेवर माझी बदली झाली. बरीच वर्षं मी एकही किट आणलं नाही. जुन्या बाजारातले ते व्यापारी वारले, त्यांच्या मुलाने निरोप पाठवला की तुमच्यासाठी वडिलांनी ठेवलेली काही खोकी आहेत, तेव्हा जाऊन घेऊन आले. तोवर नवं शतक उजाडून तीन-चार वर्षं झाली होती. आता ती लोखंडी कपाटात असतात, किल्ली माझ्या गळ्यात. विमानाच्या किटमध्ये बहुतेकदा एखादा वैमानिक असतोच, दोन भागांचा, डोकं वेगळं. ती चौकट समोर आली की मी खोका बंद करते. पालक कोणी घरी आले की त्यांचं लक्ष कपाटाकडे जातंय का, तेच मी बघत बसते. एकदा वर्गातल्या एका मुलीला ताप आला होता, तेव्हा तिच्या आईआधी मीच दवाखान्यात पोचले होते.

एक दिवस ती सून माझ्या दारात उभी राहिली. खर्डीला नातेवाइकांकडे लग्नाला आली होती, चौकशी करत करत आली. अंगाने भरली होती, हातात मोबाइल. मी तिला आत घेतलं, चहा ठेवला. गळ्यातली किल्ली मात्र पदराआड सारली, इतक्या वर्षांनंतरही.

"मला गाडीतलं आठवतं बाई," ती म्हणाली. "घरातलं काय नाय आठवत, गाडीतलं आठवतं. माझं डोकं तुमच्या मांडीवर होतं ना, तुमी दोन्ही हातांनी धरलं होतं. मला वाटलं, ही आता माझं मुंडकं काढून घेनार. बोलायचं होतं, पन तोंडातून आवाज निघत नव्हता."

"आणि मला वाटत होतं, तू माझ्या मांडीवर जाशील."

ती जरा हसली. मग बशीत चहा ओतून फुंकत राहिली. मावशी गेल्याचं तिने सांगितलं. त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं, की बाईनेच केलं आणि सगळ्यांसमोर आल्यावर बाईनेच सोडवलं. त्या माझ्यावर रागावलेल्या नव्हत्या म्हणे. सोडवलं, हे त्यांच्या लेखी मोठं होतं.

"आणि तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मी नाय मानत तसलं. दवाखान्यात इंजेक्शन दिलं म्हनून मी वाचले, एवढं कळतं मला." तिने कप खाली ठेवला. "पन माझ्या पोरीला मी तुमच्याबद्दल सांगितलं नाय अजून."

"पुढच्या खेपेला तिला घेऊन ये," मी म्हटलं.

"आनीन की," ती म्हणाली. मी तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले. तिने वळून हात केला.

ती पुन्हा आली नाही. तिच्याबद्दल मला राग नाही. मीही त्या गावाच्या रस्त्याने नंतर कधी गेले नाही. माळशेजला सहल न्यायची ठरली, की मी दुसऱ्या बाईंना पाठवते.